रस्ता कुठे वळतो, गाव कुठे वाढते

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्याहून सांगलीला थेट गाडी मिळाली नाही, तर माणूस कोल्हापूरच्या एसटीत बसतो आणि पेठ नाक्यावर उतरतो. पिशवी खांद्याला लावून रस्ता ओलांडतो आणि सांगलीच्या गाडीची, नाहीतर वडापाची वाट बघत उभा राहतो. पुढे इस्लामपूर (२०२५ मध्ये त्याचे नाव ईश्वरपूर झाले), मग आष्टा, तुंग, कसबे डिग्रज, सांगलीवाडी आणि कृष्णेवरचा पूल. अंतर साधारण ४१ किलोमीटर. महाराष्ट्राच्या नकाशावर ते बोटाच्या पेराएवढेही भरत नाही. पण सांगलीत नवा कारखाना का येत नाही, शिकलेली मुले पुण्याला का जातात, अशी चर्चा निघाली की ती फिरून फिरून या ४१ किलोमीटरांवर येते. 'सांगली महामार्गावर नाही ना!' हे वाक्य आमच्याकडे उठता-बसता ऐकू येते.

मी आष्ट्याचा. म्हणजे या रस्त्याच्या जवळजवळ मध्यावरचा. आमच्या घरात गावांची नावे कामांवरून ओळखली जात. बाजाराला सांगली, दवाखान्याला मिरज, कोर्टकचेरीला इस्लामपूर आणि नोकरीला पुणे. कोणत्या कामाला कुठे जायचे, हे घरातल्या कुणी ठरवले नव्हते. ते ठरले होते रेल्वे कुठून गेली, पूल कुठे पडला आणि महामार्ग कुठे वळला यावरून. तेव्हा महामार्ग आणि वाहतुकीचे निर्णय एखाद्या मध्यम शहराचे भवितव्य कसे घडवतात, हे आपण आपल्याच भागाच्या उदाहरणावरून पाहू.

नदीच्या दोन अंगांना दोन वाटा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा नकाशा समोर धरा. वरून खाली कृष्णा वाहते आहे. पुणे-बंगळूर महामार्ग, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ आणि आताचा ४८, भुईंजजवळ कृष्णा ओलांडतो आणि मग तिच्या पश्चिमेच्या अंगाने सातारा, उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाका असा खाली येतो. रेल्वे मात्र नदीच्या पूर्वेला आहे. साताऱ्याचे स्टेशन माहुलीच्या बाजूला, कऱ्हाडचे स्टेशन ओगलेवाडीला. त्यानंतर ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली आणि मिरज.

म्हणजे एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला रूळ आणि मध्ये नदी. शिडीचे दोन उभे बांबू असावेत तसे हे आहे. शिडीला पायऱ्या नसतील तर नुसत्या बांबूंचा उपयोग काय? आपल्याकडच्या पायऱ्या म्हणजे नदी ओलांडून पूर्व-पश्चिम जाणारे रस्ते. कऱ्हाडची एक पायरी, बहे-ताकारीची एक आणि पेठ-आष्टा-सांगली ही आणखी एक. आष्टा वारणा आणि कृष्णा यांच्या मधल्या पट्ट्यात, रेल्वे नसलेल्या बाजूला आहे. सांगली शहर महामार्ग नसलेल्या बाजूला आहे. दोघांनाही जे कमी आहे ते पलीकडच्या तीरावर आहे. या भागाची पुढची सगळी कहाणी या एका गोष्टीतून निघते.

रेल्वेने दिलेला धडा

सदर्न मराठा रेल्वेने १८८० च्या दशकात पुण्याहून मिरजेमार्गे बेळगावकडे मीटरगेज मार्गाचे काम हाती घेतले. मिरजेहून कोल्हापूरला फाटा निघाला आणि १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानाची रेल्वे सुरू झाली. पुढे १९२७ मध्ये बार्शी लाइटची छोटी गाडीही पंढरपूरकडून मिरजेला येऊन मिळाली. मिरज जंक्शन झाले. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल तिथे उभे राहिले. उत्तम डॉक्टर तर हवेच, पण कर्नाटकातून, सोलापूर-पंढरपूरकडून, कोकणाच्या वाटेवरून येणाऱ्या रोग्याला एकाच गाडीने दवाखान्याच्या गावी उतरता येणे, हेही तितकेच महत्त्वाचे होते. मिरजेची 'दवाखान्यांचे गाव' ही ओळख वाढण्यात रुळांचा वाटा मोठा आहे.

सांगली मात्र मुख्य मार्गावर नव्हती. संस्थानाने १९०७ मध्ये मिरजेपासून जेमतेम पाच मैलांचा फाटा टाकून घेतला. मुख्य मार्ग सांगलीवरून नेला गेला तो ब्रॉडगेजच्या वेळी, १९७० च्या सुमारास. विचार करा, पहिल्या आखणीत जे पाच मैल राहून गेले, ते भरून निघायला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. रेल्वेचा आराखडा कागदावर असतो तेव्हा तो खोडरबरने बदलता येतो. रूळ पडले की पिढ्या जातात.

याच मार्गावरची दुसरी दोन उदाहरणे पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. माळ खडकाळ होता, निवडुंगाने भरलेला होता. पण शेजारी स्टेशन होते. नांगराला लागणारे लोखंड तिथे उतरवता येत होते आणि तयार नांगर तिथूनच देशभर पाठवता येत होता. कऱ्हाडच्या स्टेशनाजवळ १९१६ मध्ये ओगल्यांचा काचकारखाना निघाला आणि ओगलेवाडी जन्मली. दोन्ही ठिकाणी आधी स्टेशन होते, वस्ती नंतर आली. जगभर असेच झाले. इंग्लंडमधल्या क्रू या ठिकाणी १८३७ मध्ये रेल्वे आली तेव्हा तिथे शेतेच होती. पुढे ते रेल्वे इंजिनांच्या कारखान्याचे शहर झाले. आपल्याकडे मनमाड, भुसावळ, दौंड यांची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही.

एक पूल आणि एक जिल्हा

आता नदीच्या आमच्या बाजूला येऊ. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ मध्ये खुला झाला. त्याआधी सांगलीवाडीहून सांगलीत जायचे तर नावेने. पावसाळ्यात नदी फुगली की ती वाटही बेभरवशाची. पूल झाला आणि आष्टा, वाळवा, इस्लामपूर या बाजूचा गूळ, भुईमूग आणि हळद सांगलीच्या पेठेत बारमाही जाऊ लागली. सांगलीची हळदीची बाजारपेठ देशात नावाजली, याला हरिपूरची पेवे आणि व्यापाऱ्यांची पत कारण आहेच. पण पलीकडच्या तीरावरचा शेतकरी पेठेला जोडला गेला, हेही कारण आहे.

पुढचा निर्णय रस्त्याचा नव्हता, कचेरीचा होता. आष्टा पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, त्याचे मुख्य ठिकाण सांगली ठरले आणि १९६० मध्ये जिल्ह्याचे नावही सांगली झाले. एका आदेशाने आमच्या गावाचे तोंड उत्तरेकडून पूर्वेकडे वळले. सातबाऱ्याच्या तक्रारीपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळी कामे सांगलीला. रोजची ये-जा वाढली, एसटीच्या फेऱ्या वाढल्या, रस्त्याला महत्त्व आले. वाहतुकीचे निर्णय फक्त बांधकाम खाते घेते असे आपण समजतो. कचेरी, बाजार समिती, कॉलेज कुठे काढायचे, हेही वाहतुकीचेच निर्णय असतात. कारण माणसे रोज कुठे जाणार, हे ते ठरवतात.

ट्रकचे दिवस

स्वातंत्र्यानंतर मालवाहतूक हळूहळू रुळांवरून रस्त्यावर आली आणि पारडे फिरले. आता स्टेशनाजवळची जागा नव्हे, महामार्गालगतची जागा मोलाची झाली. कोल्हापूरला याचा लाभ झाला. शिरोली आणि गोकुळ शिरगाव या दोन्ही औद्योगिक वसाहती महामार्गाला लागून आहेत. सांगलीच्या बाजूला मिरज, कुपवाड, माधवनगर इथे उद्योग वाढले, पण ते रेल्वेच्या बाजूला. तिथून निघालेल्या ट्रकला महामार्ग गाठायला एकतर पेठ नाका, नाहीतर अंकलीचा पूल ओलांडून जयसिंगपूर, हातकणंगले करत शिरोली.

यात नुकसान नेमके कसे होते? कुणी म्हणेल, चाळीस किलोमीटरचे डिझेल ते किती! पण हिशेब डिझेलचा नाही. पहिली गोष्ट परतीच्या भाड्याची. मुंबईला माल टाकून येणारा ट्रक रिकामा परतला तर त्याचा खर्च जाताच्या भाड्यात धरला जातो. महामार्गावरच्या गावी दोन्ही दिशांचे ट्रक सतत मिळतात, त्यामुळे भाडे खाली राहते. आतल्या गावाला ट्रक मुद्दाम बोलवावा लागतो. दुसरी गोष्ट वेळेच्या भरवशाची. तासगाव-मिरज भागातला द्राक्षाचा कंटेनर न्हावाशेवा बंदरात ठरल्या वेळी पोहोचला पाहिजे. अरुंद रस्त्यावर ऊसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागे अडकल्यावर अर्धा तास लागेल की दीड तास, हे सांगता येत नाही. उद्योजकाला उशीर परवडतो, कारण तो हिशेबात धरता येतो. अंदाज नसणे परवडत नाही. तिसरी गोष्ट माणसांची. महामार्गालगतच्या कारखान्यात इंजिनिअर सकाळी येऊन संध्याकाळी परततो. आतल्या गावात त्याला बिऱ्हाड करावे लागते.

सुवर्ण चतुष्कोन योजनेत मुंबई-चेन्नई बाजूचा हा महामार्ग चौपदरी झाला, तेव्हा हा फरक आणखी रुंदावला. पुणे ते पेठ नाका हा प्रवास झपाट्याने सुधारला. पेठ नाका ते सांगली मात्र तसाच राहिला.

आकड्यांचे कोडे

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. महामार्ग मिळाला म्हणजे भरभराट आणि हुकला म्हणजे ऱ्हास, इतके हे गणित सोपे नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या ४ लाख ३६ हजारांवरून ५ लाख २ हजारांवर गेली. कोल्हापूर महापालिकेची ४ लाख ९३ हजारांवरून ५ लाख ४९ हजारांवर. म्हणजे टक्केवारीत सांगलीच पुढे! याचे एक कारण असे की, कोल्हापूर महापालिकेची हद्दवाढ अनेक दशके रखडली आणि तिथली वाढ महामार्गालगतच्या गावांत, हद्दीबाहेर झाली. शहराची रेषा एकीकडे, शहराची वाढ दुसरीकडे.

दुसरा आकडा तर जास्त बोलका आहे. सातारा जिल्ह्यातून हा महामार्ग उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत जातो. तरी त्याच दहा वर्षांत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या जेमतेम सात टक्क्यांनी वाढली. बहुतांशी महामार्गापासून आत असलेल्या सांगली जिल्ह्याची नऊ टक्क्यांवर वाढली. आणि त्याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला असलेला पुणे जिल्हा तीस टक्क्यांनी. रस्ता माणसे आणतो, तशी नेतोही. जिथे काम असेल तिकडे तो उतार होतो. म्हणून गावाने 'आम्हाला रस्ता द्या' एवढेच मागून भागत नाही. त्या रस्त्यावरून काय यावे आणि काय जाऊ नये, याचाही विचार आधी करावा लागतो. वाळवा तालुक्यात साखर कारखाने, पाणी योजना, दूध संस्था, साखराळ्याचे आणि आष्ट्याचे इंजिनिअरिंग कॉलेज ही कामे उभी राहिली होती. म्हणून इथल्या रस्त्याने फक्त माणसे बाहेर नेली नाहीत, काही आतही आणली.

रस्त्याला दार कुठे?

पूर्वीच्या रस्त्याला गावोगावी दारे होती. कुठूनही चढा, कुठेही उतरा. चौपदरी महामार्गाला मधे दुभाजक येतो आणि दारे मोजकी होतात. कट कुठे, भुयारी मार्ग कुठे, सेवा रस्ता कुठपर्यंत, यावर लगतच्या गावाचे भाग्य ठरते. कऱ्हाडशेजारचे मलकापूर पाहा. महामार्गाच्या काठाने ते इतके वाढले की आधी नगरपंचायत आणि पुढे नगरपरिषद झाले. पण त्याच काठावर महामार्गाची वाहतूक आणि गावाची वाहतूक एकमेकांत गुंतली. सहापदरीकरणात तिथला जुना उड्डाणपूल २०२३ मध्ये पाडून नवा लांब उड्डाणपूल घ्यावा लागला. गाव रस्त्याला चिकटले की रस्त्याला गावावरून उडी मारावी लागते, आणि खाली उरते सावलीतली बाजारपेठ.

समृद्धी महामार्गावर ही गोष्ट टोकाला गेली आहे. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा हा मार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर फक्त ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येते. ज्याच्या शेताला लागून रस्ता जातो, पण चढायची जागा वीस किलोमीटरवर आहे, त्याच्यासाठी तो रस्ता म्हणजे एक भिंत आहे. तेव्हा 'महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो' याला अर्थ नाही. तो तालुक्यात कुठे उघडतो, हे विचारले पाहिजे.

आता आष्ट्याची पाळी

पेठ-सांगली रस्त्याला आता राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा आहे, क्रमांक १६६ एच. त्याचे चौपदरी काँक्रिटीकरण हाती घेतले गेले आहे. खड्ड्यांसाठी वर्षानुवर्षे आंदोलने झालेला हा रस्ता सुधारतो आहे याचा मला आनंदच आहे. शिडीची पायरी पक्की होते आहे. पण २०११ च्या जनगणनेत सुमारे ३७ हजार वस्ती असलेल्या माझ्या गावाने आता तीन प्रश्न स्वतःला विचारले पाहिजेत.

पहिला, हा रस्ता आपली बाजारपेठ होणार की आपला रस्ता राहणार? काठाने दुकानांची एकच रांग लागली, प्रत्येकाचे दार महामार्गावर उघडले, तर दहा वर्षांत चौपदरी रस्ता पुन्हा दुपदरी होतो. त्यासाठी नगरपरिषदेच्या विकास आराखड्यात समांतर आतले रस्ते, ट्रकतळ आणि बाजाराची जागा आत्ताच राखून ठेवावी लागेल. जमीन बिगरशेती होऊन तुकडे पडल्यावर दहा फूट जागाही मिळत नाही.

दुसरा, हळू चालणाऱ्याचे काय? गळीत हंगामात या रस्त्यावर बैलगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, सायकलवरची शाळकरी मुले आणि वेगाने जाणाऱ्या मोटारी एकत्र असतात. रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो. शाळेकडे, कारखान्याकडे, शेताकडे ओलांडायची जागा नकाशात नसेल, तर लोक ती दुभाजक फोडून करतात. मग अपघात होतात आणि आपण दोष चालकाला देतो.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. पाण्याचा. आपण कृष्णा-वारणेच्या पूरपट्ट्यात राहतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गही पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस हजारो ट्रक रस्त्यात उभे राहिले. तेव्हा महामार्गावर असलेले कोल्हापूर आणि महामार्गावर नसलेली सांगली सारखीच बेट झाली होती. पुरात रस्ता चालू राहावा म्हणून भराव घालून तो उंच करा, अशी मागणी साहजिक आहे. पण सलग भराव म्हणजे आडवा बांध. त्याच्या वरच्या अंगाच्या गावात पाणी तुंबते. भरावाऐवजी कमानी किंवा खांबांवरचा रस्ता घेतला तर खर्च वाढतो, पण पाण्याला वाट राहते. एका गावाची सोय दुसऱ्या गावाचे बुडणे होऊ नये, एवढा विचार आराखड्यात हवा. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला आपल्या भागातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, त्यात जमिनीइतकीच ही पुराची भीतीही होती. तिला नुसता विकासविरोध म्हणून झटकणे बरोबर नाही.

आपल्याकडे एक सवय आहे. रस्त्याचे भूमिपूजन झाले की आपण हार घेऊन जातो आणि काम रखडले की निवेदन घेऊन जातो. मधला एक टप्पा मात्र आपल्या नजरेतून सुटतो. आराखडा तयार होतो, तो सूचना आणि हरकतींसाठी ठेवला जातो, ठरावीक मुदत असते आणि ती संपते. मोरी किती रुंद, कट कुठे, एसटीचा थांबा कुठल्या बाजूला, बाह्यवळण कोणत्या शिवारातून, हे सगळे त्या कागदावर असते. सांगलीच्या पाच मैलांचा निर्णयही कधीतरी अशाच एका कागदावर झाला होता आणि तो दुरुस्त व्हायला तीन पिढ्या लागल्या. म्हणून आष्ट्यातच नव्हे, जिथे जिथे नवा रस्ता येतो आहे, तिथल्या माणसांनी नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन तो नकाशा एकदा मागून घ्यावा, टेबलावर पसरावा आणि आपले घर, आपली शाळा, आपला ओढा त्यावर शोधावा. हरकत घ्यायची मुदत असते तेव्हा खोडायला खोडरबर पुरते.